कलेचा कारभार : शिकावा कसा आणि कशासाठी?



मुलगा इंजिनिअर व्हावा, मुलगी डॉक्टर व्हावी, निदान सरकारी नोकरीला तरी लागावी, असं घरोघरी वाटतं. पण एखाद्या पोराचं मन नाटकात, गाण्यात किंवा चित्रात रमतं आणि आईबापांना घोर लागतो, की ह्यावर पोट भरायचं कसं? स्वतः रंगमंचावर न जाताही कलेच्या क्षेत्रात नोकरी करता येते. त्या कामाला कला-व्यवस्थापन म्हणतात. ते विद्यापीठात रीतसर शिकता येतं. त्याची माहिती सभासदांना असावी म्हणून हा लेख.

हे काम काय असतं, ते तमाशाच्या फडावरून लवकर उमजेल. जत्रांच्या हंगामात नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथं जाऊन सुपारी देतात. ढोलकीवाला, सोंगाड्या, लावणी कलावंत हे आपल्याला दिसतात. न दिसणारं काम निराळंच. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यायची, ती वळती करून घ्यायची. गाड्या, तंबू, परवाने, तिकिटं, रोजचा भत्ता, सगळं सांभाळायचं. आपल्या तोडणी टोळीचा मुकादम करतो त्याच जातीचा हा व्यवहार. २०२० साली २५ मार्चला, म्हणजे ऐन गुढीपाडव्याला, टाळेबंदी सुरू झाली आणि जत्रांचा हंगाम बुडाला. उचल देऊन झालेली आणि सुपाऱ्या रद्द, असा फटका बसला की गंगाजळी नसलेल्या संस्थेला पुन्हा उभं राहणं अवघड जातं.

कला उत्तम असली म्हणजे संस्था आपोआप चालते, असंही नाही. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बालगंधर्वांना ऐकायला सारा महाराष्ट्र लोटत होता. तरीही खर्चाला लगाम राहिला नाही आणि कंपनी कर्जात रुतली. तिथं गाणं कमी पडलं नव्हतं, हिशेब कमी पडला होता.

यामागं एक अर्थशास्त्रही आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली ते पुस्तकरूपानं मांडलं. कारखान्यात नवी यंत्रं बसवली की तेवढ्याच माणसांत जास्त ऊस गाळला जातो. पण चौघांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चौघांनाच वाजवावी लागे आणि तेवढाच वेळ लागे. आजही तसंच. वादकांचं वेतन मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढत जातं. म्हणून बऱ्याच संस्थांचं नुसत्या तिकिटावर भागत नाही. देणगी, अनुदान, प्रायोजक यांची जोड लागते आणि ती जोडून आणणारा जाणकार माणूसही लागतो.

इंग्लंड-अमेरिकेत हे शिक्षण १९६० आणि १९७० च्या दशकांत विद्यापीठांत आलं. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम इंग्लंडात साधारण एक वर्षाचा, तर अमेरिकेत दोन वर्षांचा असतो. त्यात अंदाजपत्रक, हिशेब, प्रेक्षक कसा मिळवावा व टिकवावा, निधी कसा उभारावा, करारमदार आणि कायदा हे विषय येतात.

आपल्याकडचा कायदा तर माहीत हवाच. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लिखाणाचा हक्क वारसांकडे राहतो. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं द्यावी लागते. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला द्यायचे असतात आणि त्या यादीत पारंपरिक कलाही आहेत. आपल्या सहकारी संस्थांना हे कलम लागू नाही. पण एखाद्या लोककला संस्थेला असा निधी मिळू शकतो, हे ज्याला ठाऊक तोच अर्ज करील.

भारतात या विषयाची स्वतंत्र पदवी देणारी ठिकाणं अजून थोडी आहेत. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (१९५९) किंवा पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र (१९८७) इथं मुख्यतः कला शिकवतात, कारभार नव्हे. कामाच्या जागा मात्र वाढल्या आहेत. मुंबईचं एन.सी.पी.ए. १९६९ पासून आहे, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून. त्यात २०१२ साली कोचीच्या बिनालेची आणि २०१६ साली पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवाची भर पडली. शिवाय संग्रहालयं, नाट्यगृहं, चित्रदालनं आहेतच.

आता सावधगिरीचं बोलू. ह्या धंद्यात सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि बरंच काम महोत्सवापुरतं, कराराचं असतं. तेव्हा उसाच्या बिलातून किंवा कर्ज काढून फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. एक, चालू संस्थेत प्रत्यक्ष काम किती महिने करायला मिळतं? दोन, शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः नाट्यगृह किंवा महोत्सव चालवला आहे? तीन, मागच्या दोन-तीन वर्षांतली मुलं आज कुठं कामाला आहेत? चार, राहण्या-खाण्यासकट एकूण खर्च किती? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं, तर पैसे भरू नयेत.

मुलाची आवड खरी आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. बी.कॉम. करता करता त्यानं गावच्या व्याख्यानमालेचा किंवा गणेशोत्सवाचा जमाखर्च एक वर्ष लिहावा, पावत्या ठेवाव्यात, वक्त्याची जाण्यायेण्याची सोय करावी, आणि शेवटी हिशेब गावापुढं वाचून दाखवावा. हे काम त्यानं कंटाळा न करता पार पाडलं, तर पुढच्या शिक्षणाला पैसा लावायला हरकत नाही. आणि नुसतं स्टेजजवळ मिरवायची हौस निघाली, तर तेही वेळेवर कळलेलं बरं.