विद्येचे मोल आणि विद्येचा दर

उच्च शिक्षणाचा भार ज्याचा त्याने उचलावा, या विचाराचे परिणाम आपल्या कर्नाटकातच पाहावयास मिळतात. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी १९८९ साली सरकारने वार्षिक शुल्क ठरविले : सरकारी जागेस २,००० रुपये, राज्यातील इतरांस २५,००० आणि परप्रांतीयांस ६०,०००. हे जादा शुल्क म्हणजे देणगीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली म्हटले. १९९३ च्या निकालाने निम्म्या जागा सवलतीच्या झाल्या. २००२ च्या निकालाने ती योजना गेली. नफेखोरीस मनाई राहिली, परंतु शुल्क ठरविण्याची मोकळीक संस्थांना मिळाली.

याचा परिणाम घराघरांत होतो. कर्ज काढून झालेल्या डॉक्टरास हप्ता शहराकडे ओढतो. खेड्यात राहणे त्यास परवडत नाही. दोन भावंडांत एकालाच शिकविणे शक्य असले, की बहुधा मुलीचे नाव मागे पडते. आम्हां शिक्षकांना हे वर्गातच कळते.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांस शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले. त्या करारात मागणी होती दहा वर्षांच्या सेवेची. आपला न्यास लहान आहे. तरी प्रवेशाच्या वेळी, आणि प्रथम मुलींस, त्याने हात द्यावा, एवढीच सभासदांस विनंती.