संत्र्याच्या सालीचा पराक्रम

संत्रे सोलले, की साल केराच्या टोपलीत! पण अशाच सालींतून तैवानमधील दोघा संशोधकांनी २०१३ साली पाणी स्वच्छ करण्याची एक युक्ती काढून दाखविली.

लुगड्याचा रंग पक्का असावा, ही आपली हौस. पण पक्का रंग नदीत गेला म्हणजे तिथेही पक्काच राहतो. सहजी कुजत नाही.

साली पाण्यासह बंद भांड्यात १८० अंशांवर तापविल्या, की कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतल्या काही भागांएवढे! त्यांना जस्ताच्या ऑक्साइडची जोड द्यावयाची. आपल्या वैद्यांच्या यशदभस्मात मुख्यतः तेच असते. या मिश्रणावर अतिनील किरण पडले, की इलेक्ट्रॉन उसळतात, पाण्यातून जहाल रेणू निर्माण होतात आणि ते रंगाचे तुकडे पाडतात. ‘नॅफ्थॉल ब्लू-ब्लॅक’ हा रंग त्यांनी असाच घालविला.

अडचणी आहेतच. गढूळ पाण्यात प्रकाश खोल शिरत नाही. सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम विसावा. शिवाय काम झाल्यावर कणही पाण्यातून काढून घ्यावे लागतात. चंचुपात्रातून नदीपर्यंतची वाट लांबची आहे. तोवर, वाचकहो, नदीत रंग न सोडणे हेच खरे शहाणपण!