विश्लेषण : पुढे अपघात नाही, सिग्नल नाही, मग कोंडी होते कशामुळे?

सकाळी साडेनऊची वेळ. वाकडहून हिंजवडीकडे निघालेल्या गाड्या अचानक थांबतात. काही मिनिटे हॉर्नचा गोंगाट होतो आणि मग रांग आपोआप पुढे सरकते. पुढे जाऊन पाहावे तर ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक. मग गाड्या अडल्या कशाने? वाहनांची गर्दी आणि अरुंद रस्ते ही कारणे आहेतच. पण काही वाटा चालकांच्या सवयींचाही आहे.

२२ गाड्यांचा प्रयोग काय सांगतो?
जपानमधील संशोधकांनी २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या चालवल्या. हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चालकांना ताशी ३० किमीच्या आसपास वेग ठेवायला सांगितले होते. मार्गात सिग्नल, चौक, अडथळा काहीच नव्हते. तरीही थोड्याच वेळात काही गाड्या पूर्ण थांबू लागल्या आणि ही कोंडी लाटेसारखी मागे सरकत राहिली.

नेमके काय घडते?
पुढच्याने हलकासा ब्रेक लावला, की अगदी चिकटून चालणाऱ्या मागच्याला तो जास्त जोरात दाबावा लागतो. त्याच्या मागच्याला आणखी जोरात. असे होत होत रांगेतली एखादी गाडी थांबतेच. इंडिकेटर न देता लेन बदलणारा, फटीत दुचाकी घुसवणारा, ऐनवेळी डावीकडून उजवीकडे वळणारा असे ब्रेक लावायला भाग पाडतो. तो पुढे निघून जातो, कोंडी मागच्यांच्या वाट्याला येते.

अंतर ठेवले की कोणीतरी घुसतेच, त्याचे काय?
चिडचिड होते ती इथेच. पण हिशेब करून पाहा. ताशी २० किमी वेगाने गाडी सेकंदाला साधारण साडेपाच मीटर जाते. मध्ये एक कार घुसली आणि तिच्यामागे पुन्हा पुरेसे अंतर सोडले, तर आपण सुमारे १५ मीटर, म्हणजे जेमतेम तीन सेकंद मागे पडतो. १० गाड्या घुसल्या तरी नुकसान अर्ध्या मिनिटाचे.

अंतर किती हवे?
पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेल्यावर आपली गाडी तिथे किमान दोन सेकंदांनी पोहोचावी. ताशी ४० किमी वेगाला हे अंतर सुमारे २२ मीटर होते. पावसात ते आणखी वाढवावे. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवणे हे केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार बंधनकारकही आहे.

एकट्याने काय फरक पडणार?
अमेरिकेत ॲरिझोनामध्ये अशाच गोल मार्गावर वीसेक गाड्यांपैकी फक्त एक गाडी संगणकाच्या मदतीने एकसारख्या वेगात चालवली गेली. त्यानंतर कोंडीची लाट ओसरली. रोजचा रस्ता प्रयोगाइतका सोपा नसतो. पण पुढच्याने मारलेला ब्रेक आपल्या मागच्यांपर्यंत पोहोचू द्यायचा की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.