सावडीतले पाहुणे



सावडीची चाल आपल्या खेड्यांत जुनी आहे. आज चार घरची माणसे तुमच्या शेतात राबतात, उद्या तुम्ही त्यांच्या शेतात राबता. पैसा खर्ची पडत नाही आणि काम उरकते. इंटरनेटवर या चालीची एक नक्कल निघाली आहे. तिला ‘ट्रॅफिक एक्सचेंज’ म्हणतात. तुम्ही दुसऱ्यांच्या वेबसाइट पाहावयाच्या, त्याबदली दुसऱ्यांनी तुमची पाहावयाची. वेबसाइट उघडून गिऱ्हाइकाची वाट पाहणारा छोटा दुकानदार हिच्याकडे सहज ओढला जातो. अशा सेवांपैकी कोणती पाहुणे चांगले पुरवते, हे कसे ओळखावे? आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. कोणत्याही व्यवहारात आम्ही तीन गोष्टी विचारतो: श्रम किती, मोबदला किती, आणि मधला किती ठेवतो?

या सेवांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात माणूस स्वतः बसून पाने उलटतो. प्रत्येक पानावर ठराविक सेकंदांचे घड्याळ चालते. ते संपले की हजेरीची खूण म्हणून एखादे चित्र दाबावे लागते, मग खात्यावर गुण जमा होतो. दुसऱ्यात पाने आपोआप उलटतात. तेथे माणूस खुर्चीत असण्याचीही गरज नसते.

आता हिशेब पाहू. समजा, घड्याळ २० सेकंदांचे आहे. तासाला १८० पाने होतात. एकास एक मोबदला असेल तर १८० भेटी परत मिळतील. दोनास एक असेल तर ९०च. उरलेल्या ९० भेटी सेवेचा मालक रोख पैसे घेऊन विकू शकतो. लिंकएक्सचेंज या अमेरिकन कंपनीने १९९६ पासून जाहिरातपट्ट्यांची अशीच अदलाबदल चालविली. सभासदाने दोन पट्ट्या दाखवाव्या, तेव्हा त्याची एक दाखविली जाई. ती कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये सुमारे साडेसव्वीस कोटी डॉलरला घेतली. सभासदांच्या अर्ध्या श्रमाचे मोल यावरून ध्यानी यावे. म्हणून जाहिरातीतला आकडा पाहू नये. आपल्या एका तासामागे किती भेटी पदरात पडल्या, ते पाहावे.

पण आकडा म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. खरी पारख करावयाची तर प्रत्येक सेवेला आपल्या वेबसाइटचे निराळे पान द्यावे. सेवेने सांगितलेला आकडा आपल्या सर्व्हरच्या नोंदवहीशी ताडून पाहावा. मग विचारावे: किती जणांनी दुसरे पान उघडले? किती जणांनी चौकशी केली? एकाने तरी माल घेतला काय? सारे पाहुणे विसाव्या सेकंदाला उठून गेले असतील, तर ते तुमच्याकडे आलेच नव्हते. ते घड्याळाकडे आले होते.

दोष सेवेच्या चांगल्यावाईटपणात नाही, रचनेत आहे. सावडीत शेजाऱ्याचे हात खरोखरच तुमचे पीक कापतात. येथे येणारा प्रत्येक जण स्वतःच विक्रेता असतो. सभागृहात सगळेच वक्ते, आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले. श्रोता एकही नाही. ज्याचा माल वेबसाइटवाल्यांनाच विकावयाचा आहे, त्याला हाताने चालणाऱ्या सेवेचा थोडाफार उपयोग होईल. आपोआप चालणाऱ्या सेवेत तर पाहणारे डोळेच नाहीत. शिवाय ज्याच्या पानावर गूगलच्या जाहिराती आहेत, त्याने अशा भेटी आणू नयेत. गूगलच्या नियमांत त्या वर्ज्य आहेत. खाते बंद होऊ शकते.

याहून मोठा धोका पैशाचा आहे. ‘ट्वेल्व्ह डेली प्रो’ ही अमेरिकेतली सेवा फी घेऊन रोज १२ पाने पाहावयास सांगे आणि १२ दिवसांत मूळ रकमेवर ४४ टक्के जादा देण्याचे वचन देई. फेब्रुवारी २००६ मध्ये तेथील रोखे आयोगाने फिर्याद केली. तीन लाखांहून अधिक लोकांचे पाच कोटी डॉलरवर पैसे तीत गुंतले होते, आणि नव्या सभासदांच्या फीतूनच जुन्यांना पैसे दिले जात होते, असे आयोगाने मांडले.

श्रोतेहो, गरिबाजवळ भांडवल नसते, वेळ असतो. म्हणून त्याला वेळ फुकट वाटतो. तो फुकट नाही. जो तास परक्यांची पाने उलटण्यात जाईल, तोच दहा ओळखीच्या गिऱ्हाइकांना आपला माल समजावून सांगण्यात घालवावा. त्यांतला एक परत आला, तर तो पाहुणा खरा.