ऊस वाहतूक : ट्रक घ्यावा की ट्रॅक्टर-ट्रेलर?



माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडला मोठी यात्रा भरते. नेमका त्याच सुमारास गळीत हंगाम ऐन भरात असतो. मुलूख डोंगर-जंगलाचा, रस्त्याला चढउतार आणि यात्रेकरूंची रीघ. अशा वाटेने भरली गाडी नेणारा शहाणा माणूस आधी एकच पाहतो : ही वेळेवर थांबेल का? ऊस वाहतुकीची गाडी घेताना आपणही हेच आधी विचारावे.

आपण मात्र म्हणतो, "दोन ट्रेलर वढते ना भाऊ, मंग अजून काय पायजे?"

हिशेब पाहा. ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन. मागे दोन ट्रेलर, त्यात १६ टन ऊस. ट्रेलरच्या वजनासह २० टन धरा. ब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना, ट्रेलरला बहुधा नाहीतच. वीस फुटाला एक फूट उतार असला, तर हे २० टन ट्रॅक्टरला १ टनाच्या जोराने पुढे ढकलतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली, की इंजिनाचा आधारही गेला.

म्हणून निवड रस्ता पाहून करावी. शेत जवळ आणि पांदण मऊ असेल, तर ट्रॅक्टर व एक ट्रेलर बरा. दोन ट्रेलर सपाट रस्त्यालाच जोडावेत, तेही ब्रेक असलेले. लांबच्या, उताराच्या डांबरी रस्त्याला ट्रक बरा. त्याच्या सगळ्या चाकांना ब्रेक असतात. मात्र ओल्या शेतात तो रुततो. सहाचाकी ट्रकला २०१८ पासून गाडीसकट साडेअठरा टनांची मुभा आहे. जास्त भरल्यास २०१९ च्या सुधारित कायद्याने २०,००० रुपये दंड, शिवाय जादा टनामागे २,००० रुपये.

तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आपल्याच ऊसबिलातून वजा होतो. तुटलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. गाडी वाटेत मोडून पडली की वजनही घटते, साखरही घटते.

निघण्यापूर्वी कडीची पिन, साखळी, मागचा दिवा व रिफ्लेक्टर तपासावा. अंधारात उभ्या ट्रेलरवर मागून येऊन आदळणारा सायकलवाला बहुधा आपल्याच गावचा असतो. एक खेप कमी झाली तरी चालेल, माणूस घरी पोचला पाहिजे.