छत्तिसावा दिवस

बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मे १९४९ रोजी. दीड महिन्यातच, १६ जूनपासून, त्या प्रांतात दारूबंदीचा कायदा लागू झाला. १९६० साली राज्यं वेगळी झाली. महाराष्ट्राने पुढे परवान्यांची वाट मोकळी केली, गुजरातने कायदा तसाच धरून ठेवला. त्यामुळे बडोद्यात जन्मलेल्या, आज सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही लहानपणी शाळेच्या वाटेवर दारूचं दुकान दिसलेलं नाही. या कायद्याने अनेक बायकांचा पगाराचा दिवस सुखाचा केला आहे, हे मी मनापासून मानतो. पण त्याने सगळं लक्ष बाटलीवर ठेवलं, बाटलीच्या पलीकडे बसलेल्या माणसावर नाही. आणि तो माणूस या शहरात कायम होता.

आमच्या दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात तो मागच्या खोलीत असायचा. पाहुणे आले की "बरं नाही त्याला" म्हणायचं, फार दिवस दिसला नाही तर "मुंबईला गेलाय" म्हणायचं. परवान्याशिवाय पिणं हाच गुन्हा, त्यामुळे मदत मागायची तर आधी गुन्हा कबूल करावा लागणार, ही भीती घराघरांत बसली होती. चाळिशी ओलांडलेल्याला तब्येतीच्या कारणावरून डॉक्टरी शिफारशीने पिण्याचं परमिट मिळू शकतं, पण पिणं थांबवायला कुठे जायचं ते कुणी सांगत नसे. पिणारा घरचा, लाज घरची, इलाजही घरचाच: शपथा, नवस, गळ्यात माळ, नाहीतर लग्न.

१९८९ साली बडोद्यात लठ्ठाकांड झालं. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. २००९ मध्ये अहमदाबादेत तेच, २०२२ मध्ये बोटाद भागात पुन्हा तेच. २००९ नंतर अशा दारूने मृत्यू झाल्यास विकणाऱ्याला फाशीपर्यंतची शिक्षा कायद्यात आली. प्रत्येक वेळी धाडी पडल्या, भट्ट्या फोडल्या गेल्या, अधिकारी निलंबित झाले. विषारी दारूतल्या मिथेनॉलने डोळ्यांची नस जळते, त्यामुळे अशा कांडातून जगला-वाचलेला माणूस कधी कधी अंध होऊन घरी येतो. तोही परततो त्याच गल्लीत, जिथे दारूची पोटली पुन्हा मिळू लागायला फार दिवस लागत नाहीत. त्या माणसाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तिन्ही वेळा चर्चेत आला नाही.

हा प्रश्न मराठीत नीट विचारला गेला तो पुण्यात. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत आणि झोपड्यांत एकाच वेगाने पसरत होती. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये बसून, त्यांच्या घरी जाऊन लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि काही उभं राहत असेल तर पैशाची मदत आम्ही करतो म्हणाले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याआधी, १९८१ मध्ये, वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' काढलं होतं. ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. आणि या दोन्हींच्या मागे होती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांच्या भेटीतून जन्मलेली आणि १९५७ मध्ये भारतात आलेली. वर्गणी नाही, आडनाव नाही, एका खोलीत खुर्च्या मांडून एकमेकांना आपली गोष्ट सांगायची. गेल्या अर्धशतकात कितीतरी मराठी माणसं एवढ्या साध्या गोष्टीने वाचली.

मुक्तांगणने काय वेगळं केलं ते जरा सविस्तर सांगायला हवं. तिथली मुदत पस्तीस दिवसांची. पहिले काही दिवस टर्कीचे: अंग मोडून येणं, उलट्या, हातापायांना कंप, झोप नाही. ते डॉक्टर आणि औषधं सांभाळतात. खरं काम त्यानंतरचं. योग, प्रार्थना, गटात बोलणं, डायरी लिहिणं. ज्याला घरी कुणी पाणी विचारत नव्हतं त्याच्याकडे जबाबदारीचं काम द्यायचं. समुपदेशकांमध्ये स्वतः त्या वाटेवरून आलेले अनेक जण, त्यामुळे थाप मारली की ती लगेच ओळखली जाते, आणि ओळखूनही माणसाला हाकललं जात नाही. रुग्ण या शब्दाला तिथे 'मित्र' हा शब्द जोडला गेला. घरच्यांनी येऊन बसायचं, ऐकायचं. बायकांचा 'सहचरी' हा गट निघाला, कारण वर्षानुवर्षं नवऱ्याला सांभाळता सांभाळता बायकोही आजारी पडलेली असते, हे सुनंदाबाईंनी ओळखलं होतं. पुढे स्त्री-व्यसनींसाठी 'निशिगंध' हा विभाग झाला. दारू सोडून वर्ष झालं की त्याचा वाढदिवस साजरा होतो, नव्या जन्माचा. १९९७ मध्ये कॅन्सरने सुनंदाबाई गेल्या, तेव्हा संस्था कोसळली नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ती पुढे नेली. २०२२ च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले.

पस्तीस दिवस ठीक. माझा प्रश्न छत्तिसाव्या दिवसाचा आहे.

त्या दिवशी माणूस बॅग घेऊन घरी येतो. गल्ली तीच. कोपऱ्यावरचा मित्र तोच, आणि तो मनापासून विचारतो, "आलास? बरं वाटतंय ना? चल मग." नोकरी गेलेली असते. बायको विश्वास ठेवायला तयार असते पण ठेवू शकत नाही, रात्री तोंडाचा वास घेते. भाऊ पाकीट कपाटात ठेवतो. हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं भोगलं म्हणून आलेलं आहे, यात त्यांचा दोष नाही. पण त्या नजरा सोसायची ताकद नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसात नसते. आणि ज्यांना घरच उरलेलं नाही? बायको माहेरी गेलेली, आईवडील वारलेले, भावाने दार बंद केलेलं. ते जातात लॉजवर, नाहीतर फुटपाथवर. स्लिप, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे घसरण, होते ती तिथे. पुन्हा दाखल, पुन्हा खर्च, आणि नातेवाइकांचं तेच वाक्य: "सांगितलं होतं, हा सुधारणारा नाही."

२०१९ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभराचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. दारूच्या त्रासामुळे मदतीची गरज असलेली सुमारे ५.७ कोटी माणसं. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एखाद्यालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला. म्हणजे पस्तीस दिवसांपर्यंत पोचणाराच दुर्मीळ. एवढ्या कष्टाने तिथवर पोचलेला माणूस छत्तिसाव्या दिवशी वाऱ्यावर सोडायचा, हे मला आपल्या व्यवस्थेतलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

या दिवसाचं उत्तर दुसरीकडे शोधलं गेलेलं आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या सिल्व्हर स्प्रिंग गावी एक सरकारी निवासी केंद्र बंद पडायला आलं. तिथे राहणाऱ्या माणसांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतलं. त्यांतला एक होता पॉल मोलॉय. व्यसनातून उठलेल्या माणसांचं हे पहिलं 'ऑक्सफर्ड हाउस'. नियम मोजकेच: घर सगळ्यांनी मिळून मतदानाने चालवायचं, भाडं आणि खर्च आपापला द्यायचा, आणि जो पुन्हा पिईल त्याने घर सोडायचं. वॉर्डन नाही, पगारी देखरेख नाही, राहण्याला मुदत नाही. १९८८ च्या कायद्याने अशा घरांना सुरुवातीच्या अनामतीसाठी कर्ज मिळू लागलं आणि घरं हजारोंनी झाली. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात लिओनार्ड जेसन यांनी उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या दीडशे जणांवर अभ्यास केला. निम्मे जण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे या घरांत गेले, निम्मे नेहमीच्या वाटेने. दोन वर्षांनी नेहमीच्या वाटेवरचे सुमारे ६५ टक्के पुन्हा व्यसन करत होते, या घरांतले ३१ टक्के. नवं औषध नाही, नवी थेरपी नाही. फरक होता तो शेजारच्या खाटेवर कोण झोपलं आहे याचा.

शेजाऱ्यांचा विरोध तिथेही झाला. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराने निवासी वस्तीत असं घर नको म्हणून भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९९५ मध्ये निकाल घराच्या बाजूने लागला. आपल्याकडे हे भांडण कोर्टात जाणारच नाही, सोसायटीच्या मिटिंगमध्येच संपेल. बडोद्यात एकट्या पुरुषाला घर भाड्याने मिळवताना काय काय ऐकावं लागतं ते इथे शिकायला आलेल्या कोणत्याही पोराला विचारा. त्यात हा "दारूवाला". पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायची म्हटलं की घरमालक दार लावतो.

आणि तरीही कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. दारू आणि मादक द्रव्यांच्या वापरातून येणारे मानसिक विकार त्याने मानसिक आजारात धरले. समाजात राहण्याचा हक्क त्यात लिहिला आहे, आणि हॉस्पिटल व घर यांच्यामधली निवासस्थानं, आधारासह राहण्याची सोय, ही सरकारने पुरवायच्या सेवांमध्ये स्पष्ट शब्दांत आहे. १५ ऑगस्ट २०२० ला 'नशामुक्त भारत अभियान' २७२ जिल्ह्यांत सुरू झालं. त्यात फेऱ्या निघतात, शपथा घेतल्या जातात. शपथेला माझा विरोध नाही. पण शपथ घेतलेल्या माणसाला रात्री झोपायला जागा लागते.

बडोद्याला हे जमण्यासारखं आहे असं मला वाटतं. कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे, गुजरातेतल्या मोजक्या चारांपैकी एक. सयाजीराव रुग्णालय आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा आहे, तिथली मुलंमुली दरवर्षी प्रत्यक्ष कामासाठी शहरात फिरतात. मांडवीपासून दांडिया बाजारापर्यंत जुन्या वाड्यांतल्या कितीतरी खोल्या कुलुपात आहेत, कारण पुढची पिढी पुण्याला किंवा परदेशी गेली. आपल्या ट्रस्टांकडे धर्मशाळा आहेत, सभागृहं आहेत. सहा-सात माणसांचं एक घर चालवायला यापेक्षा जास्त काय लागतं? एक दुमजली घर, जवळ अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची रोजची मीटिंग, आठवड्यातून एकदा डोकावणारा समुपदेशक, आणि हे घर आपल्या गल्लीत चालेल असं म्हणणारे दोन शेजारी. हे शेवटचं मिळवणं सर्वांत अवघड. पैसा त्यामानाने लवकर जमतो.

एका गोष्टीत घाई करू नये. 'व्यसनमुक्ती केंद्र' असा फलक लावून माणसं डांबून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या जागा देशात अनेक ठिकाणी उघडकीस आल्या आहेत. म्हणून असं घर काढताना पहिला नियम हाच हवा की दाराला आतून कडी असेल, बाहेरून कुलूप नसेल. येणारा स्वतःहून येईल. हिशोब राहणाऱ्यांच्याच हाती असतील. आणि बायकांसाठी वेगळं घर पहिल्याच दिवसापासून मनात ठेवलं पाहिजे, कारण पिणाऱ्या पुरुषाला घर निदान एकदा तरी परत घेतं, पिणाऱ्या बाईला एकदाही घेत नाही.

आपल्या वाङ्मय परिषदेने, गणेश मंडळांनी, भजनी मंडळांनी, ज्ञातीच्या ट्रस्टांनी यंदाच्या वार्षिक सभेत हा एक विषय घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांच्याकडे रिकामा वाडा आहे त्यांनी एक मजला तीन वर्षांसाठी द्यावा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी आपल्या सोसायटीच्या सभेत उठून एवढंच म्हणावं, की असा भाडेकरू आला तर मला चालेल.