दांडा हलला म्हणजे वीज तुटली असे नव्हे



या पानावर बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी आपण नेहमी बोलतो. आज बोलायचे आहे ते पाणी उपसणाऱ्या मोटारीच्या खटक्याविषयी. विषय लहान दिसतो, पण त्यात जिवाची गाठ आहे.

मागच्या उन्हाळ्यात सुरू उसाचा प्लॉट पाहायला एका सभासदाच्या वावरात गेलो होतो. फुटबॉल काढून साफ करायचा म्हणून त्यांनी स्टार्टरचे लाल बटण दाबले. मोटार चालूच! दोनदा दाबले, तीनदा दाबले, तरी चालूच. शेवटी मेन स्विचचा दांडा ओढला तेव्हा मोटार थांबली. झाकण उघडून पाहिले तर आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटलेले. मोटारीचा आवाज होता म्हणून समजले. त्या वेळी लाइन गेलेली असती तर? बटण दाबले, म्हणजे बंद झाले, असे समजून त्यांनी हात घातला असता, आणि मध्येच लाइन आली असती.

प्रत्येक खटक्याचे दोन भाग असतात, हे आधी लक्षात घ्यावे. एक, जेथे आपला हात लागतो तो. दुसरा, जेथे वीज खरोखर तुटते तो. मध्ये असते दांडी, पाइप, तार किंवा स्प्रिंग. हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. गावातल्या भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायर घ्या. काही सेटमध्ये बटण पुढे असते, पण खरा स्विच मागे, जेथे वायर आत शिरते तेथे बसवतात, आणि दोन्हींना एक लांब दांडी जोडते. माइककडून येणारा दाब व्होल्टच्या काही हजारांश भागाएवढाच असतो. त्याच्या शेजारून 230 व्होल्टची वायर पुढच्या बटणापर्यंत नेली तर भोंग्यात ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. म्हणून वीज मागेच ठेवायची आणि पुढे फक्त दांडी आणायची. हातही विजेपासून लांब राहतो.

आपल्या स्टार्टरमध्येही तेच आहे. झाकणावरचे लाल बटण आतल्या खटक्याला दांडीने दाबते. दुरुस्तीनंतर झाकण तिरपे बसले तर दांडी चुकते आणि बटण नुसते आत-बाहेर होते. मेन स्विचच्या पेटीत बाहेरचा दांडा आतली पाती ओढतो. आपल्याकडच्या पावसाने आणि दमट हवेने पेटी गंजते, स्प्रिंग तुटते. मग दांडा खाली येतो, पण पाती जागेवरच राहते.

सर्वांत मोठा दांडा डीपीवर असतो. वर 11,000 व्होल्टच्या तीन तारांची तीन पाती एका आडव्या दांड्याला जोडलेली असतात. तेथून लोखंडी पाइप खाली येतो आणि त्याच्या टोकाला हँडल असते. यालाच एबी स्विच म्हणतात. सांध्यातली पिन निघाली किंवा पट्टा सैल झाला तर खाली पाइप फिरतो, पण वर पाती फिरत नाही. कधी दोन पाती सुटतात आणि तिसरी चिकटून राहते. हे फार फसवे असते. एकच फेज राहिला की खाली मोटार बंद पडते, दिवाही विझू शकतो. माणूस समजतो, लाइन गेली. पण ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या बाजूला जीव घेणारा दाब कायम असतो.

रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलमध्ये याचा विचार केलेला होता. केबिनमधला खटका ओढला की तारेने लांबचा सिग्नल हले. ती तार तुटली तर सिग्नल आपोआप ‘थांबा’ दाखवी. म्हणजे बिघाड झाला तरी तो सुरक्षित बाजूला जाई. आपल्या एबी स्विचला ही सोय नाही. जोड तुटला तर पाती जेथे आहे तेथेच राहते. म्हणून खात्री डोळ्यांनीच करावी लागते.

सभासदांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

1) मोटारीला किंवा स्टार्टरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. पेटी उघडून तिन्ही पाती सुटल्याचे पाहावे. पाती सुटली नसेल तर हात न लावता वायरमनला बोलवावे.

2) पाती सुटल्यावर तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. दुसऱ्या कोणी चुकून दांडा वर केला तरी धोका राहत नाही. मात्र पेटीत येणाऱ्या वायरींत तेव्हाही वीज असते, त्यांना शिवू नये.

3) लाइन गेलेली असताना टेस्टर पेटला नाही, याला पुरावा मानू नये. लाइन केव्हाही येते.

4) रात्रपाळीची लाइन असेल तर जंगलालगतच्या वावरात अंधारात पेटी उघडू नये. वाघ-अस्वलाच्या भीतीने माणूस घाई करतो आणि घाईत पाहायचे राहून जाते. ते काम सकाळवर ठेवावे.

5) डीपीवर स्वतः चढू नये, हँडलही ओढू नये. ते लाइनमनचे काम आहे. महावितरणकडे 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पाण्याची एक पाळी चार दिवस लांबली तर ऊस थोडा मार खाईल, पण पुन्हा उभा राहील. घरातला माणूस गेला तर तो परत येत नाही. तरी हा मजकूर घरातल्या तरुण मुलांना आणि सालगड्याला वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी